घराची बटणे कमोडोर ६४ च्या हाती

माझ्या घरातील बाहेरचा दिवा, जिन्यातला दिवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा, पाण्याचा पंप आणि बागेतल्या ठिबकचा व्हॉल्व्ह ही पाच उपकरणे सध्या एका कमोडोर ६४ च्या ताब्यात आहेत. हा संगणक १९८२ साली बाजारात आला. त्याची मेमरी ६४ किलोबाइट आणि गती साधारण एक मेगाहर्ट्झ. बेसिक भाषेसाठी ३८,९११ बाइट मोकळे आहेत, हे तो चालू होताच निळ्या पडद्यावर स्वतः सांगतो. हे ऐकल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, 'जमते का?' आणि जमते हे पाहिल्यावर दुसरा असतो, 'पण कशाला?' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. 'तो मध्येच बंद पडला तर काय?' हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि माझा सगळा वेळ खाल्ला तो त्यानेच.

आधी जमते कसे ते सांगतो. या संगणकाच्या मागच्या बाजूला यूजर पोर्ट नावाची एक खाच आहे. तिच्यातून मदरबोर्डाची कडा बाहेर डोकावते आणि त्या कडेवर वर बारा व खाली बारा असे तांब्याचे पट्टे असतात. त्यातले आठ पट्टे सीआयए ६५२६ या चिपच्या आठ तारांना थेट जोडलेले आहेत. मेमरीतील ५६५७९ या पत्त्यावर लिहिलेला आकडा कोणत्या तारा 'बाहेर' बोलतील आणि कोणत्या 'आत' ऐकतील हे ठरवतो, आणि ५६५७७ वर लिहिलेला आकडा बाहेर बोलणाऱ्या तारांवर शून्य की पाच व्होल्ट हे ठरवतो. बेसिकमधली पोक ही एकच आज्ञा त्यासाठी पुरते. मध्ये ड्रायव्हर नाही, परवानगी मागणारी खिडकी नाही आणि ऐन संध्याकाळी स्वतःला अद्ययावत करून घेणारी प्रणालीही नाही. आकडा लिहिला की तार हलते. आजच्या संगणकावर एखादी तार अशी हलवायची झाल्यास निराळे हार्डवेअर विकत घ्यावे लागते. त्या काळी ती सोय घरगुती संगणकाच्या मूळ किमतीतच मिळत असे. बीबीसी मायक्रो या त्या काळच्या ब्रिटिश संगणकावर तर असाच यूजर पोर्ट आणि शिवाय बाहेरचे व्होल्टेज मोजणाऱ्या चार वाहिन्याही होत्या.

संगणकाने घर चालवावे ही कल्पना या यंत्राहूनही जुनी आहे. वेस्टिंगहाउसमधील अभियंता जिम सदरलँड यांनी १९६६ साली आपल्या घरात इको फोर नावाचा, कपाटांच्या रांगेएवढा संगणक उभा केला होता, पण तो विक्रीसाठी कधी निघाला नाही. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने एक्स-१० ही पद्धत तयार केली, आणि ती मात्र पुष्कळ घरांत शिरली. घरातल्या विजेच्या तारांवरूनच, विजेचे व्होल्टेज शून्यातून जाते त्या क्षणी, १२० किलोहर्ट्झचा संदेश पाठवायचा ही तिची युक्ती होती. सोळा घर-अक्षरे आणि प्रत्येकात सोळा उपकरणे, असे एकूण २५६ पत्ते तीत होते. घरगुती संगणकाला जोडण्यासाठी तिची सीपी-२९० नावाची पेटीही मिळत असे. संगणकावर वेळापत्रक तयार करायचे, ते ६०० बॉडच्या गतीने पेटीत उतरवायचे आणि संगणक बंद करून टाकायचा. नंतर १२८ पर्यंत वेळा पेटी स्वतः सांभाळत असे. ज्यांनी ती बनवली त्यांनी घरातला संगणक चोवीस तास चालू राहील असे गृहीत धरले नव्हते, आणि हा त्यांचा शहाणपणा होता असे मला वाटते. मी एक्स-१० घेतली नाही, कारण तिच्या बहुतेक साध्या उपकरणांकडून आज्ञा पोचल्याची पोच येत नाही आणि विजेच्या तारांवर आजकाल स्वस्त चार्जर व एलईडी दिव्यांचा एवढा कलकलाट असतो की त्यात संदेश हरवणे नवलाचे नाही. रिलेपर्यंत, म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणाऱ्या विजेच्या स्विचपर्यंत, स्वतंत्र तार नेणे कष्टाचे असले तरी तिथे संशयाला जागा राहत नाही.

रिलेच्या जोडणीपासूनच 'बंद पडला तर काय' हा प्रश्न आडवा येऊ लागतो. यूजर पोर्टवर मिळणाऱ्या पाच व्होल्टच्या पुरवठ्यातून १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घ्यायचा नसतो, आणि पाच व्होल्टच्या एका सामान्य रिलेची कॉइलच (स्विच ओढणारे तारेचे वेटोळे) ७० मिलिअँपिअरच्या आसपास खाते. म्हणजे एक रिले कसाबसा निभतो आणि दुसऱ्याला जागा नाही. म्हणून रिलेंना निराळा पुरवठा द्यायचा आणि संगणकाकडून फक्त ऑप्टोकपलरमधला (प्रकाशाने संकेत पुढे देऊन दोन सर्किटे वेगळी ठेवणाऱ्या भागातला) छोटा एलईडी पेटवून घ्यायचा. त्याला दोन-तीन मिलिअँपिअर पुरतात. बाजारात मिळणारे बहुतेक रिले बोर्ड याच पद्धतीचे असतात आणि त्यांचे एक वैशिष्ट्य असे की तार शून्यावर आली की रिले ओढला जातो, पाच व्होल्टवर गेली की सुटतो. पहिल्यांदा हे उलटे वाटते, पण कमोडोरसाठी ते अगदी योग्य आहे. संगणक रीसेट झाला की यूजर पोर्टच्या तारा 'आत' ऐकण्याच्या स्थितीत जातात आणि वरच्या पातळीवर राहतात, म्हणजे सर्व रिले सुटलेले. याउलट वर गेल्यावर ओढणारा बोर्ड वापरला तर प्रत्येक रीसेटला पंप सुरू होण्याची भीती असते.

मात्र एवढ्याने काम भागत नाही. संगणक पूर्ण बंद असेल आणि बोर्डाला निराळ्या पुरवठ्याने वीज मिळत असेल, तर मेलेल्या चिपच्या तारा शून्याकडे ओढल्या जातात आणि बोर्ड त्याचा अर्थ 'चालू करा' असा घेतो. म्हणून बोर्डावरचे दोन्ही पुरवठे एकत्र जोडणारा छोटा जंपर (काढघाल करता येणारी जोडणी) काढून टाकावा, ऑप्टोकपलरच्या एलईडीला पाच व्होल्ट कमोडोरकडूनच द्यावेत आणि बाहेरचा पुरवठा केवळ कॉइलसाठी ठेवावा. मग संगणक बंद असताना एलईडी पेटायला वीजच उरत नाही.

प्रोग्राममधल्या दोन ओळींचा क्रमही याच जातीचा आहे. रीसेटनंतर ५६५७७ मध्ये शून्य असते. प्रोग्रामने आधी ५६५७९ वर लिहून तारा 'बाहेर' वळवल्या, तर त्या क्षणी सर्व तारा शून्यावर येतात आणि पुढची ओळ वाचली जाईपर्यंत पाचही रिले खटकन ओढले जातात. बेसिकच्या गतीने तो काळ काही हजारांश सेकंदांचाच असतो, पण पंपाच्या मोटरीला तेवढा झटकाही देऊ नये. म्हणून आधी 'पोक ५६५७७, ६३' आणि मग 'पोक ५६५७९, ६३'. तारा अजून आत ऐकत असल्या तरी चिप पहिला आकडा लक्षात ठेवते, आणि तारा वळताच त्या वरच्या पातळीवरच सुरू होतात.

६३ हा आकडा का, २५५ का नाही, तेही सांगतो. आठ तारांपैकी पाच रिलेंसाठी आहेत आणि शेवटच्या दोन घड्याळाच्या चिपसाठी. पहिल्या सहा तारांचे आकडे १, २, ४, ८, १६ आणि ३२ मिळून ६३ होतात, आणि घड्याळाच्या दोन तारा 'आत'च राहतात. उरलेल्या सहाव्या तारेवर प्रोग्राम दर सेकंदाला वर-खाली, वर-खाली करत राहतो. ती नाडी आहे. तिच्या दुसऱ्या टोकाला ५५५ या टायमर चिपचे सर्किट बसवलेले आहे. ही चिप १९७२ पासून मिळते, म्हणजे संगणकापेक्षा दहा वर्षांनी थोरली. नाडी काही सेकंद थांबली की हे सर्किट रिलेंच्या कॉइलचा पुरवठा तोडते. सर्किटाकडे जाणाऱ्या वाटेत एक कपॅसिटर आहे, त्यामुळे प्रोग्राम तार वर असताना गोठला काय किंवा खाली असताना गोठला काय, दोन्ही मृत्यूच समजले जातात. हे नसेल तर पंप चालू असताना प्रोग्राम अडकल्यास पंप चालूच राहणार, कारण चिपमध्ये लिहिलेला आकडा आपणहून पुसला जात नाही. लोक अशा प्रकल्पांत पडद्यावरच्या चित्रांवर आणि रंगांवर फार जीव लावतात. माझ्या मते आधी ही एक तार लावावी, चित्रे नंतर काढावीत.

या नाडीमुळे बेसिकचा एक जुना दोषही उघडा पडतो. कमोडोरचे बेसिक मजकुराच्या स्ट्रिंग तयार करत राहते आणि जागा संपली की सर्व कामे थांबवून नको झालेल्या स्ट्रिंगचा कचरा गोळा करू लागते. स्ट्रिंग थोड्या असतील तर ते कळतही नाही. स्ट्रिंगचे मोठे ॲरे (याद्या) असतील तर संगणक काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ गप्प बसतो. खेळात ते चालून जाते, इथे ५५५ त्याला मेलेला समजते. म्हणून मुख्य प्रोग्राममध्ये मजकूर जवळजवळ नाही. सगळे आकड्यांत चालते. रिलेंची सद्यस्थितीही एका चलात ठेवलेली आहे. पोर्ट वाचून तीच किंमत परत लिहिण्याचा मोह टाळावा, कारण वाचताना तारेवरची प्रत्यक्ष पातळी येते, आपण लिहिलेली नव्हे, आणि घड्याळाच्या दोन तारांच्या बाबतीत हा फरक घोटाळा करतो.

आता घड्याळाकडे वळतो, कारण वेळ न कळणारा संगणक घराच्या काही कामाचा नाही. कमोडोरमध्ये मुळात दोन घड्याळे आहेत. एक बेसिकमधल्या टीआय या चलाचे; ते सेकंदाला साठ वेळा येणाऱ्या इंटरप्टवर, म्हणजे चालू काम क्षणभर थांबवणाऱ्या संकेतावर, चालते आणि टेप किंवा फ्लॉपी चालू असताना ते इंटरप्ट रोखले जात असल्याने मागे पडते. दुसरे सीआयए चिपच्या पोटात आहे आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. त्याचा ठोका मिळतो थेट घरच्या विजेच्या वारंवारितेतून, कारण या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून पाच व्होल्ट डीसीबरोबर नऊ व्होल्ट एसीही येतात. विजेची वारंवारिता क्षणोक्षणी थोडी इकडेतिकडे होते, पण मोठ्या ग्रिडवर ती सरासरीने ठरलेल्या आकड्याजवळ राखली जाते, त्यामुळे हे घड्याळ बरेच भरवशाचे ठरते. त्याच्या तीन खोडी लक्षात ठेवाव्या लागतात. संगणक सुरू होताना ते ६० हर्ट्झ धरून बसते; घरची वीज ५० हर्ट्झची असेल तर तासाला दहा मिनिटे मागे पडते, म्हणून ५६३३४ या पत्त्यावरची सातवी (शून्यापासून मोजून, म्हणजे सर्वांत वरची) बिट एक करावी लागते. दुसरी खोड अशी की तासांचा आकडा वाचला की वाचन तिथेच गोठते आणि दशांश सेकंद वाचेपर्यंत सुटत नाही. यामागचा हेतू चांगला आहे, कारण वाचता वाचता मिनिट बदलून चुकीची वेळ हाती येत नाही, पण दशांश वाचायचे राहिले तर वेळ थांबल्यासारखी दिसते. तिसरी खोड म्हणजे आकडे दशमान अंकांच्या जोडीने साठवलेले असतात: सदतीस मिनिटे झाली असतील तर पीक ही वाचनाची आज्ञा ५५ दाखवते, कारण तीन सोळे अठ्ठेचाळीस आणि सात.

वीज गेली की मात्र दोन्ही घड्याळे वेळ विसरतात. इन्व्हर्टर असला तरी चिपमधल्या घड्याळाला ठोका इन्व्हर्टरचा मिळतो, ग्रिडचा नव्हे, आणि स्वस्त इन्व्हर्टरचे पन्नास हर्ट्झ हे अंदाजाचे पन्नास असतात. म्हणून त्या दोन तारांवर डीएस-३२३१ ही बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप जोडलेली आहे. सामान्य तापमानात ती वर्षाला मिनिटभरापेक्षा जास्त चुकत नाही. ती आयटूसी पद्धतीने बोलते आणि कमोडोरला ती पद्धत मुळात येत नाही, पण दोन तारा हव्या तेव्हा शून्यावर ओढायच्या आणि हव्या तेव्हा सोडून द्यायच्या एवढेच ते काम असल्याने बेसिकमधूनही होते. हळू होते, इतके की एक वाचन होताना डोळ्यांना जाणवते. पण संगणक सुरू होताना एकदा आणि नंतर रोज एकदा वेळ जुळवून घेण्यापुरते ते पुरेसे आहे.

वीज परत आल्यावर संगणकाने आपणहून कामाला लागले पाहिजे, आणि कमोडोर फ्लॉपीवरून आपणहून काहीही सुरू करत नाही. तो पाहतो फक्त कार्ट्रिजकडे, म्हणजे मागच्या खाचेत बसणाऱ्या प्रोग्रामच्या डबीकडे. सुरू होताना ३२७७२ या पत्त्यापासून 'सीबीएम८०' ही पाच अक्षरे सापडली तर तो बेसिककडे न जाता कार्ट्रिजने सांगितलेल्या ठिकाणी जातो. म्हणून प्रोग्राम आठ किलोबाइटच्या ईपीरॉममध्ये (वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये) भरला आहे आणि त्यापुढे मशीन भाषेचा एक तुकडा आहे, जो बेसिकचा प्रोग्राम मेमरीत उतरवून चालू करतो. त्यामुळे फ्लॉपी ड्राइव्हची गरज उरली नाही, आणि फिरणारा एक भाग कमी झाला की बिघाडाचीही एक जागा कमी होते. प्रोग्राम सुरू झाल्यावर पहिले काम पंप आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून वेळ वाचण्याचे. वेळ पटण्यासारखी नसेल तर तो फक्त दिवे सांभाळतो, पाण्याला हात लावत नाही.

दिव्यांसाठी वेळेची गरजही कमीच आहे. खेळाच्या पॅडलसाठी असलेल्या प्रवेशमार्गावर ४७० किलोओहमपर्यंतचा रोध मोजण्याची सोय आहे, म्हणजे जॉयस्टिक पोर्टच्या सातव्या आणि नवव्या पिनमध्ये प्रकाशानुसार रोध बदलणारा एलडीआर लावला की ५४२९७ या पत्त्यावर शून्य ते २५५ मधला आकडा मिळतो. हे मोजमाप करते ती सिड, म्हणजे आवाजाची चिप, जिच्यासाठी हा संगणक संगीतकारांत प्रसिद्ध आहे. वाचन थोडे थरथरते, कारण कीबोर्ड तपासणारे इंटरप्ट त्यात लुडबुड करते. पण दहाएक वाचनांची सरासरी घेतली की संध्याकाळ ओळखायला ती पुरते. दिवा लावण्याचा आकडा आणि विझवण्याचा आकडा यांत चांगले अंतर ठेवावे, आणि एलडीआरवर त्याच दिव्याचा उजेड पडू देऊ नये. नाहीतर दिवा स्वतःला पाहून विझतो, विझल्यावर पुन्हा लागतो आणि हा खेळ रात्रभर चालतो.

टाकीतला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, जॉयस्टिकच्या 'वर' या तारेला जोडलेला आहे. संगणकाच्या दृष्टीने टाकीत पाण्याला जागा असेपर्यंत कोणीतरी जॉयस्टिक वर ढकलून धरलेली असते. स्विच मुद्दाम असा निवडला आहे की टाकी भरली की सर्किट तुटते. त्यामुळे उंदराने तार कुरतडली, जोड गंजला किंवा स्विच निखळला तरी संगणकाला 'टाकी भरली' असेच कळते आणि पंप थांबतो. छपरावरून येणारी लांब तार मात्र थेट पोर्टला लावू नये. सीआयए चिप स्थिर विजेच्या धक्क्याने मरते हे जुन्या वापरकर्त्यांना चांगले ठाऊक आहे, म्हणून तिथेही मध्ये ऑप्टोकपलर हवाच.

या सगळ्यात सर्वांत धोकादायक वस्तू बहुतेकांना जी वाटते ती नाही. रिलेचे घरच्या विजेकडचे टोक वायरमनकडून बंद पेटीत, फ्यूजसह बसवून घ्यावे, आणि रिलेवर लिहिलेले दहा अँपिअर मोटरीसाठी खरे मानू नयेत. पंपाला स्वतःचा काँटॅक्टर (मोटरीसाठीचा दणकट रिले) द्यावा. एवढे केले की ती बाजू शांत राहते. खरा शत्रू आहे कमोडोरचा मूळ पॉवर सप्लाय. त्याच्या आतील भाग रेझिनमध्ये गाडलेले असतात, उष्णता बाहेर पडत नाही, आणि पाच व्होल्ट राखणारा रेग्युलेटर म्हातारा झाला की तो व्होल्टेज खाली न जाता वर जाऊ देतो. सप्लाय मरताना मेमरीच्या चिपा सोबत घेऊन जातो. चोवीस तास चालवायच्या संगणकाला तो मूळ सप्लाय लावूच नये. नव्या बनावटीचा घ्यावा आणि त्यातही नऊ व्होल्ट एसी मिळते ना हे पाहावे, कारण घड्याळाचा ठोका तिथूनच येतो.

आता राहिला 'कशाला' हा प्रश्न. विजेच्या हिशेबाने पाहिले तर हा उद्योग परवडणारा नाही. संगणक पंधरा वॅट घेतो असे धरले तर वर्षाला १३१ युनिट होतात, आणि हेच काम बोटाएवढा आधुनिक कंट्रोलर त्याच्या अल्पशा भागात करील. पडदा बंद ठेवून टीव्हीचा खर्च वाचतो, पण संगणकाचा वाचत नाही. तरीही मला हे यंत्र पटते, कारण त्यात काय चालले आहे हे पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत कळू शकते, आणि दूरच्या कोणाच्या सर्व्हरने आपली सेवा थांबवली म्हणून बाहेरचा दिवा लागायचा राहत नाही. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्समध्ये एकोणीस शाळांची उष्णता व वातानुकूलन ऐंशीच्या दशकातल्या एका अमिगा संगणकाकडे होते, हे २०१५ साली बातम्यांत आले तेव्हा बरेच जण हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. तीसेक वर्षे तक्रार न करता एकच काम करणारे यंत्र बदलण्याची घाई कोणाला असणार?

फोनवरून घर चालवण्याची हौस असणाऱ्यांसाठी यूजर पोर्टला जोडता येणारे वायफाय मोडेम मिळतात. जुन्या टेलिफोन मोडेमसारख्याच आज्ञा त्यांना द्यायच्या असतात. माझ्याकडे त्यासाठी तार उरलेली नाही, आणि असती तरी मी ती घराबाहेरच्या जाळ्याला जोडली नसती, कारण आजचे सुरक्षित संकेतीकरण एक मेगाहर्ट्झच्या यंत्राला पेलवत नाही आणि उघड्या मजकुरात पंपाच्या आज्ञा पाठवणे मला मान्य नाही. गिझर, गॅस आणि दाराचे कुलूप ही तीन कामे मी या संगणकाला दिलेली नाहीत. आहेत त्या पाचही उपकरणांची भिंतीवरची बटणे रिलेला समांतर जोडलेली आहेत आणि पंपाच्या बटणापाशी एक मुख्य स्विचही आहे, त्यामुळे संगणक दुरुस्तीला टेबलावर उघडा पडलेला असला तरी घरातल्या कोणालाही दिवा लावण्यासाठी माझी वाट पाहावी लागत नाही.